देव हवा, दलाल नको म्हणून घेतलेलं प्रार्थनेचं ॲप: आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, ॲपचं नाव लिहिणार नाहीये. नाव लिहिलं की कंपनीचा तो "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत" वाला कॉपीपेस्ट रिप्लाय येतो आणि मग दहा जण म्हणतात लिंक दे. आणि मी कुठल्या धर्माची तेही लिहिणार नाही, कारण ते एकदा लिहिलं की अर्धे लोक रिव्ह्यू सोडून आडनावाचा अंदाज बांधत बसतात आणि उरलेले अर्धे त्यावरून भांडतात. तसंही हे ॲप सगळ्या धर्मांसाठी आहे असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीलाच लिस्ट येते, "तुमची परंपरा निवडा", त्यात झाडून सगळे मोठे धर्म आणि सगळ्यात खाली एक ऑप्शन, "श्रद्धा आहे, पण धर्म नको". मी तो दाबला. पैसे भरून वर्षभराचं घेतलंय, आठ महिने वापरलंय, त्यामुळे फुकटात नावं ठेवतेय असं कोणी म्हणू नका.

घेतलं का ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी बरीच वर्षं दर आठवड्याला सामूहिक प्रार्थनेला जायचे, एक हॉल होता, साठसत्तर माणसं यायची. तिथे वर्गणीच्या हिशोबावरून वाजलं. मी फक्त विचारलं होतं की जमा किती झाले आणि गेले कुठे ते कागदावर लिहून भिंतीला लावा. तर मला ऐकवण्यात आलं की श्रद्धा कमी पडली की असे प्रश्न पडतात. हे वाक्य ज्यांनी ऐकवलं ते स्वतःच्या धंद्यात सुट्ट्या पैशांचासुद्धा हिशोब ठेवतात, मला माहितीये. डोक्यात तिडीक गेली, उठले आणि निघून आले, त्यानंतर गेलेच नाही.

देवावर राग नव्हता हं. तो आहे असं मला वाटतं, का वाटतं ते सांगता येत नाही. रात्री दिवा मालवल्यावर कोणीतरी ऐकतंय असं लहानपणापासून वाटत आलंय आणि ते वाटणं गेलं तर माझ्यातलं काहीतरी जाईल एवढंच मला कळतं. दादा पक्का नास्तिक आहे, त्याला मी पुरावा देऊ शकत नाही आणि तोही मला उलटा पुरावा देऊ शकत नाही, त्यामुळे आमचा वाद गेली वीस वर्षं त्याच वळणावर उभा आहे. पण एका गोष्टीवर आमचं एकमत असायचं की ही जी मधली मंडळी आहेत, गाद्या, कमिट्या, ट्रस्ट, माईक हातातून न सोडणारे लोक, ह्यांच्यामुळे सगळं नासतं. तर मग मधली मंडळी काढूनच टाकू की, मी आणि देव, मध्ये फक्त फोन. ह्या विचाराने ॲप घेतलं. तो विचार किती भाबडा होता ते कळायला मला तीन-चार महिने लागले.

आता ॲपबद्दल. सेटअप मस्त आहे, खोटं कशाला बोलू. सात-आठ प्रश्न विचारतात, त्यातला एक "तुम्ही रोज देवाला किती मिनिटं देऊ शकता?" आणि खाली ३, ५, १०, २० असे गोळे. मी १० दाबलं आणि उगाच अपराधी वाटलं, २० दाबायला हवं होतं का. मराठी भाषांतर कोणी केलंय देव जाणे, एका जागी "आशीर्वाद शिल्लक: ०" असं येतं, तो पॉइंट्सचा प्रकार आहे हे मला नंतर कळलं, पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात गोळाच आला. आवाज मात्र सुंदर आहेत. रात्रीची प्रार्थना वाचणारी जी बाई आहे तिचा आवाज ऐकून मी खरंच शांत झोपलेय, कित्येकदा प्रार्थना पूर्ण व्हायच्या आतच. मागे पावसाचा आवाज हवा की शांतता हवी तेही निवडता येतं. झोपेसाठी ॲप हवं असेल तर इथेच वाचणं थांबवा आणि घेऊन टाका.

नमाजाची वेळ आणि बाणाने मक्केतल्या काबेची दिशा दाखवणारं फीचर हे ह्यातलं सगळ्यात चांगलं काम. माझ्या उपयोगाचं नाही, पण ऑफिसातल्या एका मैत्रिणीला दाखवलं, ती पाच वेळची नमाज पढणारी, तिने आठवडाभर तिच्या नेहमीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिलं आणि म्हणाली चोख आहे. मग मी त्यावर जरा वाचत बसले (माझी सवय) आणि तिथे मला पहिला धक्का बसला. मला वाटत होतं मोबाईलने धर्माला संस्थेपासून सोडवलं. पण तो बाण बरोबर दिशेला वळतो त्याच्यामागे शेकडो वर्षं मशिदींनी पोसलेले खगोलशास्त्रज्ञ आहेत. मुवक्कित म्हणायचे त्यांना, काम काय तर नमाजाच्या वेळा गणिताने काढायच्या. १४ व्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत इब्न अल-शातिर नावाचा माणूस ह्या नोकरीवर होता, तोच पुढे ग्रहांच्या गतीच्या गणितासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे पगारी माणूस, संस्थेचा माणूस. आणि २००७ मध्ये मलेशियाचा अंतराळवीर शेख मुसझफर शुकोर अंतराळ स्थानकावर गेला तेव्हा प्रश्न आला की तिथे दर नव्वद मिनिटांनी पृथ्वीला फेरी होते, दिवसात सोळा सूर्योदय, मग नमाज कधी आणि तोंड कुठे करायचं? मलेशियातल्या धर्मपंडितांनी बसून नियमावलीच काढली, पाचच वेळा करा, जिथून यान उडालं तिथली वेळ धरा, काबेच्या दिशेला तोंड जमलं तर उत्तम, नाही तर पृथ्वीकडे, तेही नाही जमलं तर कुठेही. मला हे भयंकर आवडलं. कमिटीचा माणूस म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर तो हिशोब न देणारा चेहरा येतो, पण एक माणूस आकाशात अडचणीत सापडू नये म्हणून डोकं चालवणारीही कमिटीच होती.

म्हणून "मोबाईलवर कसली आलीये भक्ती" असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. देवाधर्मात यंत्रं फार जुनी आहेत. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने देवळासाठी एका यंत्राचं वर्णन करून ठेवलंय, वरून नाणं टाकलं की आतली तरफ खाली दबते, झडप उघडते आणि मोजकं पवित्र पाणी बाहेर येतं, नाणं घसरून पडलं की बंद. नाणं टाकून चालणाऱ्या यंत्राचं सगळ्यात जुनं वर्णन म्हणून हेच दाखवतात, आणि विकत काय होतं तर तीर्थ. तारीख असलेलं सगळ्यात जुनं छापील पुस्तक जे शाबूत आहे ते वज्रसूत्र ह्या बौद्ध ग्रंथाची ८६८ सालची चिनी प्रत, एका माणसाने आईवडिलांच्या नावाने छापून फुकट वाटण्यासाठी केलेली. फुकट वाटायला हा शब्द लक्षात ठेवा. कारण युरोपात सुट्ट्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेला आणि तारीख असलेला जो जुन्यात जुना कागद आहे, १४५४ चा, तो आहे पापाच्या शिक्षेत सूट देणारं चर्चचं पत्र. सायप्रसच्या रक्षणासाठी पैसे गोळा करायचे होते म्हणून ही पत्रं विकली. मजकूर छापील आणि नाव-तारखेची जागा कोरी, पैसे द्या, नाव भरून घ्या. म्हणजे नवीन मशीन आलं की धर्म दोन गोष्टी लगेच करून बघतो, वाटणं आणि विकणं. माझं ॲप ह्यातल्या कुठल्या रांगेत बसतं ते आता सांगते.

स्ट्रीक. रोज उघडलं की एक ज्योत मोठी होते, दिवस मोजले जातात. एकवीस दिवस झाले की बॅज. मला ह्याचं व्यसन लागलं, कबूल करते. एकदा तापाने पडले होते तरी रात्री बारा वाजायला पाच मिनिटं असताना उठून बटण दाबलं, प्रार्थना म्यूट करून ठेवली आणि परत झोपले, ज्योत टिकली. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी मात्र प्रवासात नेटवर्क नव्हतं आणि तुटली. दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर विझलेली ज्योत आणि खाली बटण, "पूर्ववत करा", थोडे पैसे भरले की कालचा दिवस धरला जाणार. मी भरले. भरल्यावर दहा मिनिटांनी लक्षात आलं की मी आत्ता काय केलं. न केलेल्या प्रार्थनेची पावती विकत घेतली. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर हा जर्मन धर्मसुधारक पंच्याण्णव मुद्दे लिहून सूटपत्रांच्या ज्या धंद्याविरुद्ध उठला होता त्याच्या दुकानात मी स्वतःच्या पायाने गेले होते, आणि तिथे निदान वर्षानुवर्षांची शिक्षा माफ व्हायची, मला एक दिवस मिळाला. दादाला सांगितलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

नोटिफिकेशन्सबद्दल वेगळं लिहायला हवं. "देव तुमची वाट पाहतोय." "आज तुम्ही त्याला विसरलात का?" "तुमच्यासाठी एक संदेश आहे." संदेश म्हणजे सबस्क्रिप्शनवर सवलत. हॉलमधले ते काका जे भीती घालायचे, की नियमित आलं नाही तर अमुक होईल, त्यांच्यावर मी चिडायचे, पण ते आठवड्यातून एकदा भीती घालायचे आणि त्यांना स्वतःला तरी ती भीती खरी वाटायची असं मला आता वाटतं. हे वाक्य लिहिणाऱ्याला काय वाटत असेल? बहुतेक दोन वाक्यं लिहून बघितली असतील आणि जास्त लोकांनी जे उघडलं ते ठेवलं असेल. सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं, पण "कोमल आठवण" नावाचं एक बटण वेगळं आहे ते बंद केल्याशिवाय काहीच बंद होत नाही, हे मला दीड महिन्याने सापडलं. हे लिहून ठेवा.

चॅटबॉट. ह्याच्यासाठीच खरं तर मी जास्तीचे पैसे भरले होते. त्याचं नाव "सोबती". कुठल्याही वेळी काहीही विचारा. मी पहिल्याच रात्री विचारलं, देव आहे का? उत्तर आलं, हा फार सुंदर आणि खोल प्रश्न आहे. मग मी विचारलं, ज्या माणसाने सगळ्यांसमोर माझ्या श्रद्धेवर बोट ठेवलं त्याला मी माफ करू का? तर म्हणे तुमच्या भावना अगदी योग्य आहेत, क्षमा हा एक प्रवास आहे. दोन दिवसांनी मुद्दाम उलटं विचारलं, मी त्याला कधीच माफ करणार नाही, बरोबर आहे ना? तर म्हणे तुमच्या भावना अगदी योग्य आहेत, स्वतःच्या सीमा जपणं महत्त्वाचं आहे. मग परंपरा बदलून बघितली, लिस्टमधून एक धर्म निवडला, मग दुसरा, मग तिसरा, तोच प्रश्न. उत्तर तेच, फक्त कपडे बदललेले, एकात ह्या ग्रंथाचं वचन, दुसऱ्यात त्या. मला असं वाटायचं की सगळे धर्म शेवटी एकच सांगतात. हे ॲप वापरल्यावर वाटेनासं झालंय. सगळे धर्म एकच सांगायला लागले तर ते असं ऐकू येतं, लिफ्टमधल्या संगीतासारखं. खऱ्या धर्मांना ठाम मतं असतात, त्यातली काही मला अजिबात पटत नाहीत, पण भांडायला तरी समोर काहीतरी असतं. माझ्या आजीने मला एकदा तोंडावर सांगितलं होतं की तू चुकलीयेस आणि आधी जाऊन माफी माग, मग प्रार्थनेला बस. सोबती हे जन्मात सांगणार नाही, कारण मी रागावून ॲप काढून टाकेन अशी त्याला भीती. त्याला म्हणजे कंपनीला.

ह्यात हे एकटेच नाहीत. २०१७ मध्ये जर्मनीत विटेनबर्गला, ल्यूथरच्याच गावी, त्या पंच्याण्णव मुद्द्यांना पाचशे वर्षं झाल्याच्या निमित्ताने आशीर्वाद देणारा रोबो ठेवला होता, हातातून उजेड पडायचा आणि आवाज स्त्रीचा की पुरुषाचा ते निवडता यायचं. २०१९ मध्ये क्योटोच्या कोदाईजी मंदिरात प्रवचन देणारा मिंदार नावाचा यंत्रमानव आला. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कॅथॉलिक आन्सर्स नावाच्या संस्थेने "फादर जस्टिन" हा चॅटबॉट काढला, त्याने लोकांना सांगायला सुरुवात केली की मी खरा पाद्री आहे, आणि बाप्तिस्मा स्पोर्ट्स ड्रिंकने चालेल का ह्यालाही मान डोलावली. दोन-चार दिवसांत त्याचा झगा काढून त्याला साधा जस्टिन केलं. मला गंमत ह्याची वाटते की त्याला कोणीतरी काढलं. संस्था होती म्हणून लाज वाटली, चूक कोणाची ते ठरवता आलं. माझ्या सोबतीने काही चुकीचं सांगितलं तर मी कोणाकडे जाऊ? हेल्पवर गेले तर तिथेही सोबतीच आहे.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं, आणि ह्यासाठीच हा रिव्ह्यू लिहायला घेतला. एका रात्री मी सोबतीला एक गोष्ट सांगितली जी मी कोणालाच सांगितलेली नाही. इथे सांगणार नाही हे उघड आहे. लिहून झाल्यावर हलकं वाटलं, खरंच वाटलं, ते नाकारत नाही. सकाळी जाग आल्यावर पहिल्यांदा त्यांची प्रायव्हसी पॉलिसी उघडली, जी आधी वाचायला हवी होती. फार लांब आहे. त्यात आहे की संभाषणं "सेवा सुधारण्यासाठी" वापरली जाऊ शकतात, आणि "भागीदारां"सोबत काही माहिती शेअर होऊ शकते, आणि कंपनी विकली गेली तर डेटा नव्या मालकाकडे जाईल. म्हणजे मी देवाला सांगितलं, आणि देवाची मालकी बदलू शकते.

ह्याच्यापुढे हे ठेवून बघा. १२१५ मध्ये रोममध्ये कॅथॉलिक चर्चची लॅटरनची चौथी परिषद भरली. तिथे ठरलं की प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पाद्र्यापाशी कबुली द्यायची. ही सक्ती, आणि मला सक्तीचा तिटकारा आहे, गावातल्या प्रत्येकाच्या मनातलं एका माणसाला कळणार म्हणजे केवढी सत्ता ती. पण त्याच नियमात पुढे लिहिलंय की पाद्र्याने हे गुपित शब्दाने, खुणेने, कशानेही फोडायचं नाही, आणि फोडलं तर त्याला पदावरून काढून कडक मठात आयुष्यभर प्रायश्चित्ताला धाडायचं. ज्याच्या हातात गुपित दिलं त्याच्याच गळ्यात शिक्षाही अडकवली. आठशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्यांनी, ज्यांच्याबद्दल चांगलं बोलायला माझ्याकडे फार काही नाही, त्यांनी हे लिहिलं, आणि माझ्या फोनमधल्या ॲपने "भागीदार" लिहिलंय. आणि हे नुसतं कागदावरचं भय नाही. २०२० च्या नोव्हेंबरात बातमी आली होती की नमाजाच्या वेळा दाखवणाऱ्या एका फार लोकप्रिय ॲपमधून लोकांचं लोकेशन एका डेटा विकणाऱ्या कंपनीकडे जात होतं, आणि तिच्या गिऱ्हाइकांमध्ये अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बोभाटा झाल्यावर त्या ॲपने त्या कंपनीशी संबंध तोडले. प्रार्थनेसाठी फोन उघडणाऱ्याला हे कुठून कळणार?

तर दलाल गेला नाहीच. मी एका दलालावर रागावून दुसऱ्याकडे गेले, आणि दुसऱ्याचा चेहराही दिसत नाही. कंटेंट टीम म्हणजे पुरोहित, कंटेंट पॉलिसी म्हणजे धर्मशास्त्र, सबस्क्रिप्शन म्हणजे वर्गणी. आणि हिशोब? हिशोब इथेही कोणी भिंतीला लावत नाही, फरक इतकाच की इथे मी विचारलंसुद्धा नाही, मुकाट्याने कार्डाचा नंबर टाकला. हे लक्षात आल्यावर स्वतःचाच राग आला.

मग मी शोधायला लागले की दलाल काढून टाकणं कोणाला जमलंय का. क्वेकर मंडळी सापडली, हा ख्रिस्ती पंथ १७ व्या शतकाच्या मधोमध इंग्लंडात जॉर्ज फॉक्सने सुरू केलेला. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या सभेत पाद्री नाही, विधी नाही, सगळे गप्प बसतात, कोणाला आतून वाटलं तर तो उठून बोलतो. माझ्या स्वप्नातला धर्म! पण त्यांनाही क्लार्क नेमावा लागतो, सभेत काय ठरलं ते लिहून ठेवायला. मतदान घेत नाहीत, एकमत होईपर्यंत थांबतात, पण लिहायला माणूस लागतोच. बहाई धर्मात पुरोहित नाहीत, तिथे नऊ जणांची मंडळं निवडून येतात, उमेदवारी नाही, प्रचाराला बंदी. म्हणजे काम आहेच, फक्त ते कोणी आणि किती दिवस करायचं ह्याची नाडी त्यांनी हातात ठेवली. हॉल असेल तर चावी असणार आणि चावी कोणाच्या तरी खिशात असणार. नास्तिकांचंही तेच, २०१३ मध्ये लंडनमध्ये दोन विनोदी कलाकारांनी संडे असेंब्ली सुरू केली, देवाशिवायची सामूहिक सभा, गाणी बिणी म्हणायची, कोणीतरी भाषण द्यायचं, नंतर चहा. दादाला दाखवलं तर जरा गप्प झाला आणि म्हणाला, मला देव नकोय पण असं कुठे जायला आवडलं असतं. वीस वर्षांत पहिल्यांदा आमचा वाद वेगळ्या वळणावर गेला.

आणि पैशाच्या भांडणाचं तर काय सांगू. बुद्धाच्या निर्वाणानंतर साधारण शंभर वर्षांनी वैशालीत भिक्षूंची जी दुसरी संगीती, म्हणजे धर्मसभा, भरली ती कशावरून, तर दहा मुद्द्यांवरून, आणि त्यातला एक की तिथले भिक्षू लोकांकडून सोनं-चांदी घेत होते. यश नावाच्या भिक्षूने आक्षेप घेतला तर आधी त्याच्यावरच कारवाई करायला निघाले. हे वाचलं त्या रात्री मला जे बरं वाटलं ते आठ महिन्यांत ॲपने नाही दिलं. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याची श्रद्धा मोजायची पद्धत निदान दोन हजार वर्षं जुनी आहे. आणि यश धर्म सोडून घरी गेला नाही, इतर भिक्षूंना गोळा करत फिरला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. मी घरी आले आणि ॲप डाउनलोड केलं.

"प्रार्थना वर्तुळ" राहिलंच. अनोळखी लोक आपली अडचण लिहितात आणि बाकीचे "प्रार्थना केली" बटण दाबतात, आकडा वाढतो. मी एकदा माझ्या रिपोर्टबद्दल लिहिलं, दोनशे बारा आले. बरं वाटलं, खोटं नाही. पण मीही तो ढीग एका हाताने खाली सरकवत बटणं दाबलीयेत, बसमध्ये उभी राहून, कोणासाठी दाबतेय ते न वाचता, त्यामुळे दोनशे बाराचं वजन मला माहितीये. हॉलमध्ये कोणी आजारी असलं की सगळ्यांना कळायचं, नको तितकं कळायचं, घरी येऊन डोक्याशी बसायचे आणि जाताना चार सल्ले देऊन जायचे. ते मला नकोसं व्हायचं. अजूनही होईल.

रेटिंग द्यायचं तर आवाज आणि झोप पाच स्टार, वेळ-दिशा पाच, स्ट्रीक एक, सोबती दोन (टायपिंगच्या चुका करत नाही म्हणून), प्रायव्हसीला शून्य देता येत नाही म्हणून एक. घ्यायचंच असेल तर महिन्याचं घ्या, वर्षाचं नको, लोकेशनची परवानगी देऊ नका, दिली तर फक्त वापरताना, आणि सोबतीला असं काही सांगू नका जे तुम्ही कागदावर लिहून बसमध्ये विसरून येणार नाही. आणि फोनमधून ॲप उडवलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही, ते स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन करावं लागतं. मी केलं, तर स्क्रीन आली, "तुम्हाला खरंच हा प्रवास थांबवायचा आहे?" आणि खाली दोन बटणं, मोठं हिरवं "नाही, मला देवासोबत राहायचंय" आणि बारीक करड्या अक्षरात "हो". मी बारीक वालं दाबलं. ॲपपुरतं.

ह्या आठ महिन्यांत हॉलमधून मला एकच फोन आला, एका काकूंचा. मला वाटलं विचारतील का येत नाहीस. तर म्हणाल्या, अगं मागच्या खोलीची एक चावी तुझ्याकडे राहिलीये, सतरंज्या अडकून पडल्यात. पर्समध्ये बघितलं, होती. नेऊन दिली. दारातच उभी राहून त्यांना म्हटलं, काकू, हिशोब भिंतीला लागला की येईन परत. तर त्या सतरंजी झटकत म्हणाल्या, मग तूच लाव की, वही कपाटात आहे, कोणाला लिहायचा कंटाळा नाहीये इथे? मी काही बोलले नाही, चावी त्यांच्या हातात ठेवून घरी आले. अजून उत्तर दिलेलं नाही. सबस्क्रिप्शनचे चार महिने बाकी आहेत, पैसे भरलेत तर रात्रीचा तो आवाज तरी वसूल करून घेते.